हुजूर आणि दरोडेखोर

ब्रिटनमध्ये निवडणूक लागली की मराठी वर्तमानपत्रांत दोन नावं जोडीनं दिसू लागतात: मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष. पहिलं सरळ भाषांतर आहे. दुसरं भाषांतर नाहीच, ती मराठी पत्रकारितेची करामत आहे. हुजूर म्हणजे दरबार, धन्याची समक्षता. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा ती हुजूरपागा. राजा, चर्च, जमीनदार आणि जुनी घडी यांची बाजू घेणाऱ्या पक्षाला हे नाव चपखल बसलं, वर मजूरशी यमकही जुळलं. मुंबईचे मंचेरजी भावनगरी १८९५ साली लंडनच्या बेथनल ग्रीन भागातून पार्लमेंटमध्ये गेले ते याच पक्षाकडून, आणि २०२२ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेही याच पक्षाचे नेते म्हणून.

या पक्षाचं कागदावरचं नाव कॉन्झर्व्हेटिव्ह. पण लंडनच्या रस्त्यावर, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि विरोधकांच्या भाषणांत त्याला टोरी म्हणतात. खुद्द पक्षाची माणसंही स्वतःला बिनदिक्कत टोरी म्हणवून घेतात. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता दरोडेखोर. तोही विशिष्ट प्रकारचा: आयर्लंडच्या दलदलीत आणि रानात दडून बसणारा, धर्मानं कॅथलिक, आणि बहुतेक वेळा जमीन हातची गेलेला. म्हणजे आपण ज्याला हुजूर म्हणतो त्याच्या अगदी उलट्या टोकाचा माणूस.

या माणसाची किंमत काय होती ते नोंदलेलं आहे. जून १६५७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटमध्ये आयर्लंडचा प्रतिनिधी मेजर मॉर्गन बोलायला उभा राहिला. ते दिवस राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीचे. मॉर्गनचं म्हणणं असं, की आयर्लंडमध्ये आमच्या बोकांडी तीन जनावरं बसली आहेत आणि ती मारायची तर पैसा लागतो. पहिलं जनावर लांडगा: नर मारला तर ५ पौंड, मादीला १०. दुसरं जनावर कॅथलिक पाद्री: त्याच्या डोक्याला १० पौंड, बडा असेल तर जास्त. तिसरं जनावर टोरी. नामचीन टोरीला १० पौंड, किरकोळ टोरीला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड. पार्लमेंटच्या सैन्यात १६४५ मध्ये पायदळाच्या शिपायाला रोजी ८ पेन्स मिळत. त्या हिशेबानं एक नामचीन टोरी म्हणजे शिपायाचा ३०० दिवसांचा पगार. शिकारीला माणसं मिळत होती यात नवल नाही.

लांडगा, पाद्री आणि टोरी एका यादीत कसे आले, हे समजायला आधीची वर्षं पाहावी लागतात. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला. तो मोडायला इंग्लंडकडे रोकड नव्हती. तेव्हा १६४२ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला: लंडनच्या सावकारांनी आज पैसे द्यावेत, उद्या आयर्लंडमधली २५ लाख एकर जमीन त्यांना वाटून दिली जाईल. जमीन अजून जिंकायची होती, तिचे मालक जिवंत होते, तरी ती तारण पडली होती. ऑगस्ट १६४९ मध्ये क्रॉमवेल डब्लिनला उतरला. सप्टेंबरमध्ये ड्रोइडा आणि ऑक्टोबरमध्ये वेक्सफर्ड इथे झालेल्या कत्तली आयर्लंडच्या आठवणीतून अजून गेलेल्या नाहीत. १६५२ पर्यंत देश लोळागोळा झाला. सर विल्यम पेटीनं या दशकात सहा लाखांवर माणसं तलवारीनं, दुष्काळानं आणि प्लेगनं मेली असा हिशेब मांडला. आजचे इतिहासकार तो फुगलेला मानतात, पण ओसाड पडलेल्या गावांत लांडगे वाढले होते ही गोष्ट सरकारी फर्मानांतच आहे.

मग देणेकऱ्यांचं देणं फेडायची वेळ आली. सावकारांना जमीन, आणि पगार थकलेल्या सैनिकांनाही रोख पैशाऐवजी जमीनच. कॅथलिक जमीनदारांना सांगण्यात आलं की शॅनन नदीपलीकडे, पश्चिमेच्या खडकाळ कॉनॉट प्रांतात चालते व्हा. मुदत १ मे १६५४. याच पेटीनं १६५५-५६ मध्ये देशाची मोजणी करून नकाशे तयार केले. त्या काळाच्या मानानं ते अप्रतिम आहेत, आणि कुणाची जमीन कुणाला द्यायची एवढ्याचसाठी ते काढलेले आहेत. १६४१ मध्ये आयर्लंडची साधारण ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ मध्ये २२ टक्के उरली. १७०३ मध्ये १४. मधल्या काळात क्रॉमवेलची राजवट संपून राजा परत आला, काहींना काही तुकडे परत मिळाले, पण आकड्यांचा उतार थांबला नाही.

तीस हजारांहून जास्त आयरिश सैनिक स्पेन आणि फ्रान्सच्या चाकरीत निघून गेले. नव्या मालकांना तेच हवं होतं: लढणारे परदेशी जावेत, मालक पश्चिमेला जावेत, आणि नांगर धरणारी कुळं मात्र जागेवर राहावीत, कारण त्यांच्याशिवाय जमीन कसणार कोण? पण काही जण ना परदेशी गेले, ना कॉनॉटला. ते आपल्याच वाडवडिलांच्या शेताशेजारच्या रानात शिरले. त्यांची जुनी कुळं दिवसा नव्या मालकाला खंड देत आणि रात्री जुन्या मालकाला भाकरी. नव्या मालकाची गुरं रात्रीत नाहीशी होत. सरकारी भाषेत हेच टोरी. सगळेच काही पदच्युत जमीनदार होते असं नाही. विस्कटलेल्या पलटणींतले शिपाई होते, कुळंही होती आणि संधी साधणारे पक्के चोरही होते. वेठीला धरली जाई ती गरीब माणसं. टोरी सापडला नाही तर त्याच्या नातेवाइकांना आणि आसपासच्या कॅथलिक रहिवाशांना दंड.

शब्द आयरिश भाषेतला. त्या भाषेत त्याचा उच्चार साधारण ‘तोरी’ असा होतो. मूळ शब्द ‘तोइर’, म्हणजे पाठलाग. दीरमद आणि ग्रॉन्या या पळून गेलेल्या प्रेमिकांची जुनी आयरिश कथा आहे, तिच्या नावातही याच धातूपासून आलेला पाठलागाचा शब्द आहे. आता गंमत अशी की व्याकरणाच्या हिशेबानं तोरी म्हणजे पाठलाग करणारा, माग काढणारा, त्यावरून लुटारू. प्रत्यक्षात मात्र या लोकांचं सगळं आयुष्य कुणी तरी पाठीवर असण्यात गेलं, म्हणून ‘ज्याचा पाठलाग होतो तो’ असाही अर्थ सांगितला जातो. कोशकारांचा कौल पहिल्या अर्थाकडे आहे. दुसरा मला जास्त खरा वाटतो, पण भाषाशास्त्रात वाटण्याला किंमत नसते. आयर्लंडच्या वायव्य टोकाला टोरी नावाचं एक बेट आहे, त्याचा मात्र या शब्दाशी संबंध नाही. ते नाव तिथल्या बुरुजांसारख्या कड्यांवरून पडलेलं आहे.

या मंडळींत सर्वांत गाजला रेडमंड ओहॅनलन. उत्तरेकडच्या आर्मा परगण्यातलं ओहॅनलन हे एके काळी सरदार घराणं. क्रॉमवेलच्या आधीपासूनच त्यांची जमीन जाऊ लागली होती. रेडमंडचा मुलूख म्हणजे स्लीव्ह गलियन डोंगराच्या आसपासची रानं. त्याचं कामकाज निव्वळ लुटीचं नव्हतं. वाटेनं जाणारे व्यापारी आणि आसपासचे जमीनदार त्याला पैसे देत, आणि त्याच्या मुलखात त्यांच्या मालाला दुसरं कुणी हात लावणार नाही याची हमी तो घेई. खंडणी म्हणा नाही तर संरक्षण कर म्हणा. सरकारी अंमल जिथे पोहोचत नव्हता तिथे हा माणूस सरकारसारखाच वागत होता, आणि सरकारला बोचत होतं ते बहुधा हेच. १६७४ मध्ये त्याच्याविरुद्ध जाहीरनामा निघाला. डोक्यावरची रक्कम चढत चढत २०० पौंडांवर गेली. मॉर्गनच्या दरपत्रकाच्या वीसपट.

आर्माचे कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांनी १६७० मध्ये वेगळाच उपाय करून पाहिला होता. ते स्वतः टायरोनमधल्या टोरींना जाऊन भेटले, त्यांना देश सोडायला राजी केलं, आणि व्हाइसरॉय लॉर्ड बर्कलीकडून त्यांना सुखरूप परदेशी जाऊ देण्याचं कबूल करून घेतलं. काही जण गेलेही. पण रान रिकामं झालं नाही. ओहॅनलन शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नाही. २५ एप्रिल १६८१ रोजी डाउन परगण्यात हिलटाउनजवळ तो झोपलेला असताना त्याच्या दूधभावानं, आर्ट ओहॅनलननं, त्याला गोळी घातली. आर्टला माफी मिळाली आणि पैसे मिळाले. या कामामागे परवानगी होती ती व्हाइसरॉय असलेल्या ड्यूक ऑफ ऑर्मंडची. रेडमंडचं शीर डाउनपॅट्रिकच्या तुरुंगावर खिळ्याला टोचून ठेवलं गेलं. वर्षभरातच डब्लिनमध्ये त्याचं चरित्र छापून निघालं, आणि त्याच्या लांबलचक शीर्षकात त्याला अतुलनीय, अथक टोरी म्हटलेलं आहे. शिवी आणि कौतुक एका ओळीत.

ऑर्मंड हे नाव लक्षात ठेवा. या घराण्याशी टोरी शब्दाचं वेगळंच नातं पुढे जडलं.

ओहॅनलन रानात दडलेला होता त्याच वर्षांत लंडन भलत्याच भीतीनं पछाडलेलं होतं. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या एका धादांत खोटारड्या माणसानं, कॅथलिक लोक राजा दुसऱ्या चार्ल्सचा खून करणार आहेत अशी कंडी पिकवली. लोकांनी ती खरी मानली आणि पस्तीसएक निरपराध माणसांचा त्यात बळी गेला. चार्ल्सला औरस मूल नव्हतं. त्याच्यानंतर गादी जाणार होती भावाकडे, ड्यूक ऑफ यॉर्क जेम्सकडे, आणि जेम्स उघड कॅथलिक होता. अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी आणि त्याच्या साथीदारांनी जेम्सला वारसाहक्कातून वगळणारं विधेयक १६७९ ते १६८१ दरम्यान तीनदा आणलं. ते तिन्ही वेळा बारगळलं. पार्लमेंट दुभंगलं. पक्ष हा प्रकार अजून रुळलेला नव्हता, त्यामुळे पक्षांना नावंही नव्हती. सुरुवातीला एका बाजूला ‘अर्जदार’ आणि दुसऱ्या बाजूला ‘धिक्कार करणारे’ असली लांबण लावावी लागे. ती टिकण्यातली नव्हती.

मग शिव्या कामाला आल्या. जेम्सची बाजू घेणारा म्हणजे कॅथलिकांचा मित्र, कॅथलिकांचा मित्र म्हणजे आयरिशांचा मित्र, आणि आयरिश म्हणजे टोरी. समकालीन लेखक रॉजर नॉर्थनं या नामकरणाची हकिगत साधारण अशी सांगितली आहे: आधी वेगवेगळी नावं चालवून पाहिली, शेवटी टोरी जिभेवर बसलं. डॅनिअल डिफोनं या नामकरणाचं श्रेय ओट्सला दिलं. आपल्याला मारायला आयरिश टोरी आणणार आहेत असा त्याचा कांगावा होता, आणि आपल्या कटावर शंका घेणारा दिसला की तो त्याला टोरी म्हणे. दोन्ही हकिगतींत मुद्दा एकच: मखमली अंगरख्यातल्या इंग्लिश सरदाराला चिखलातला आयरिश दरोडेखोर म्हणण्यात जी मजा होती तिच्यावर हे नाव तगलं. गंमत म्हणजे हे सरदार बहुसंख्येनं कट्टर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे निष्ठावंत. खरा टोरी त्यांच्या दारात आला असता तर त्यांनी कुत्री सोडली असती.

समोरच्यांनीही मग तोडीस तोड शिवी शोधली, तीही शेजारच्या देशातून. स्कॉटलंडच्या नैऋत्य भागातल्या कडव्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांना ‘व्हिगमोर’ म्हणत. घोडी हाकणारे असा त्याचा अर्थ लावतात. १६४८ मध्ये हे लोक एडिंबरावर चाल करून गेले होते. मे १६७९ मध्ये त्यांच्याच पंथाच्या माथेफिरूंनी स्कॉटलंडच्या आर्चबिशपचा खून केला आणि पुढच्याच महिन्यात बॉथवेल ब्रिजला त्यांचं बंड चिरडलं गेलं. शब्द ताजा होता, बदनाम होता आणि आखूडही होता. जेम्सविरोधी झाले व्हिग. इंग्लंडचे दोन थोर पक्ष अशा रीतीनं एक आयरिश दरोडेखोर आणि एक स्कॉटिश दंगलखोर यांच्या नावांनी बारशाला बसले.

शिवी पचवायला फार वेळ लागला नाही. रॉजर लेस्ट्रेंज हा राजाच्या बाजूचा तिखट लेखक. एप्रिल १६८१ पासून त्यानं ‘ऑब्झर्व्हेटर’ नावाचं पत्र चालवलं ते संवादाच्या रूपात, आणि बोलणाऱ्या पात्रांची नावं व्हिग आणि टोरी. वादात जिंकायचा अर्थात टोरी. त्याच महिन्यात तिकडे ओहॅनलनला गोळी लागली. त्याच वर्षी १ जुलैला आर्चबिशप प्लंकेट यांना लंडनला टायबर्नच्या वधस्तंभावर चढवलं गेलं; ओट्सच्या खोट्या कटाचे ते शेवटचे बळी, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत टोरींशी लागेबांधे असलेली माणसं होती. एका वर्षात एका शब्दाचे दोन अर्थ दोन बेटांवर जगत होते: एका बेटावर त्यासाठी शीर जात होतं, दुसऱ्यावर त्याच नावानं नायक छापला जात होता.

जेम्स १६८५ मध्ये गादीवर आला आणि तीन वर्षांत घालवला गेला. त्याला घालवण्यात व्हिगांबरोबर टोरी पुढारीही होते. डच राजपुत्र विल्यमला बोलावणाऱ्या पत्रावरच्या सात सह्यांपैकी एक अर्ल ऑफ डॅन्बीची आहे. ज्याच्यासाठी शिवी खाल्ली त्याला वाऱ्यावर सोडून इंग्लिश टोरी मोकळे झाले. जेम्स फ्रान्सला पळाला, तिथून आयर्लंडला आला, १६९० मध्ये बॉइन नदीवर हरला, आणि त्यानंतरही त्याच्यासाठी डोंगरात लढत राहिले ते आयर्लंडचे खरे टोरी. तेव्हा त्यांना ‘रॅपरी’ हे नवं नावही पडलं होतं, हातातल्या आखूड भाल्यावरून.

१६९५ मध्ये डब्लिनच्या पार्लमेंटनं टोरी, दरोडेखोर आणि रॅपरी यांच्या बंदोबस्ताचा कायदा केला. चोरीची भरपाई त्या भागातल्या रहिवाशांनी करायची, आणि चोर कॅथलिक असेल तर कॅथलिकांनी. पुढे त्यात भर पडली: ज्या टोरीनं दुसरे दोन टोरी मारले असतील त्याला माफी. अशी कलमं अठराव्या शतकात बराच काळ जिवंत होती. त्यामुळे राणी ॲनच्या काळात, १७१० ते १७१४ दरम्यान, एक अजब अवस्था होती. लंडनमध्ये टोरी मंत्रिमंडळ कारभार बघत होतं, आणि त्याच राणीच्या आयरिश कायद्यात टोरी मारण्याला बक्षीस होतं. या विसंगतीची कुणी फार चिकित्सा केल्याचं दिसत नाही. शब्द इतक्या लवकर दोन झाले होते.

आता ऑर्मंड. ओहॅनलनच्या वधाला हात देणाऱ्या ड्यूकचा नातू जेम्स बटलर, दुसरा ड्यूक ऑफ ऑर्मंड, टोरी पक्षाचा मोठा मोहरा होता. दोनदा आयर्लंडचा व्हाइसरॉय, १७१२ मध्ये मार्लबरोच्या जागी सेनापती. १७१४ मध्ये राणी वारली, जर्मनीहून जॉर्ज आला, व्हिगांचं राज्य आलं. ऑर्मंडवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. १७१५ मध्ये तो फ्रान्सला पळाला. त्याच्या जमिनी जप्त झाल्या. तो आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तर त्याला पकडणाऱ्याला आयरिश पार्लमेंटनं १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. तीस वर्षं परदेशात काढून तो १७४५ मध्ये आव्हिन्योंला मेला. जमीन गेलेला, पाठलाग होणारा, डोक्यावर बक्षीस असलेला: आयरिश भाषेतल्या अर्थानं पाहिलं तर इंग्लंडच्या सगळ्या टोरींत हा एकटा अस्सल. आजोबांच्या काळातल्या सगळ्या टोरींच्या शिरांची किंमत एकत्र केली तरी त्याच्याएवढी भरली असती की नाही, शंका आहे.

डॉक्टर जॉन्सननं १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध कोश काढला तेव्हा टोरीची व्युत्पत्ती देताना रानटी माणूस अशा अर्थाच्या आयरिश शब्दावरून हे आलं असावं असं त्यानं लिहिलं. अर्थ मात्र दिला तो राज्याच्या प्राचीन घटनेला आणि चर्चला चिकटून राहणारा माणूस. व्हिगपुढे त्यानं एवढंच लिहिलं की हे एका टोळीचं नाव. जॉन्सन स्वतः टोरी होता, हे वेगळं सांगायला नको.

अटलांटिकपलीकडे शब्दाला आणखी एक वळण मिळालं. अमेरिकन वसाहतींनी बंड केलं तेव्हा राजाशी इमान राखणाऱ्यांना बंडखोर टोरी म्हणू लागले. त्यांना डांबर फासलं गेलं, त्यांची शेतं नव्या राज्यांनी जप्त केली, आणि युद्ध संपल्यावर सुमारे ६०,००० जण देशोधडीला लागले. पुष्कळसे कॅनडात गेले. कॅनडातल्या कॉन्झर्व्हेटिव्हांना लोक आजही टोरी म्हणतात. हे नाव आयर्लंडमधून निघताना जमीन गमावलेल्यांचं होतं, इंग्लंडमध्ये ते जमीन असलेल्यांचं झालं, आणि अमेरिकेत पोहोचून पुन्हा जमीन गमावलेल्यांच्या माथी बसलं.

रॉबर्ट पील १८१२ ते १८१८ या काळात आयर्लंडचा मुख्य सचिव होता. खेड्यांत रात्री मुखवटे घालून जमीनदारांच्या गुरांना आणि दलालांना धडा शिकवणाऱ्या टोळ्या तेव्हाही होत्या, फक्त नावं बदलली होती: व्हाइटबॉय, रिबनमन. त्यांच्यासाठी पीलनं १८१४ मध्ये एक खास पोलीस दल उभारलं आणि पहिल्यांदा ते टिपरेरी परगण्यात पाठवलं. खर्च पुन्हा स्थानिक लोकांच्याच डोक्यावर. लोकांनी त्या शिपायांना साहेबाच्या नावावरून पीलर म्हणायला सुरुवात केली. त्याआधी दीडशे वर्षं टिपरेरीत ‘टोरी आले’ म्हटलं की दारं लावून घ्यायची ती दरोडेखोरांच्या भीतीनं. १८१४ मध्ये तसं म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला पीलची माणसंच आठवली असती.

या पीलनंच १८३४ मध्ये टॅमवर्थच्या मतदारांपुढे जाहीरनामा ठेवून पक्षाला नवा चेहरा दिला, आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे चार वर्षांपूर्वी एका त्रैमासिकातून पुढे आलेलं सभ्य नाव रूढ झालं. टोरी शब्द जुना, धुळकट आणि काहीसा लाजिरवाणा वाटू लागला होता. पक्षाच्या पाटीवरून तो गेला. विरोधकांनी मात्र तो सोडला नाही; इंग्रजी मथळ्यात चार अक्षरांचा शब्द बसवणं बारा अक्षरं कोंबण्यापेक्षा केव्हाही सोपं.